नोकरी धरली तर निराधारचे पैसे बंद, मग पोराने करावं काय? (नाशिक)

गोदाकाठचा_गण्या

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा. प्रश्न माझ्या चुलतभावाचा आहे पण अशी घरं नाशकात खूप असणार म्हणून इथे टाकतोय.

भाऊ २७ चा, बीकॉम, टॅली आणि जीएसटीचा कोर्स झालाय, डाव्या पायात जन्मापासून दोष, यूडीआयडी कार्डावर (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) ५५ टक्के. कुबडी लागते, बाकी एकदम ओके. घरी बसून चार दुकानदारांचे हिशोब बघतो, कोणी पैसे देतं कोणी पुढच्या महिन्यावर ढकलतं. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे पैसे चालू आहेत, आधी १५०० यायचे, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २५०० केले ते.

आता अंबडमधल्या एका कंपनीत डिस्पॅचला बिलिंगचं काम आलंय. ठेकेदाराच्या नावावर, ११ महिन्यांचं कंत्राट, पगार १३,५००. घरात पेढे आणायची तयारी आणि हा म्हणतो मी जाणार नाही. काकांनी आळशी, फुकटखाऊ, जे काही तोंडाला येईल ते सगळं ऐकवलं. त्याने शांतपणे वहीतलं पान फाडून हिशोब मांडला. पीएफ पूर्ण पगारावर धरला तर १६२०, ईएसआयचे (कामगार विमा) शंभरेक, उरले पावणेबारा हजार. पंचवटीतून अंबडला बस आहे पण त्याला गर्दीत दांडा धरून उभं राहता येत नाही, म्हणजे रिक्षा बदलत जायचं, रोजचे १२० धरले तरी २६ दिवसांचे ३१२० झाले. उरले साडेआठ हजार. त्यात निराधारचे २५०० बंद होणार कारण उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं. म्हणजे नोकरी करून घरात जास्तीचे येणार सहा हजार, आणि दुकानदारांची कामं सुटणार ती वेगळीच.

आणि खरी मेख पुढेच आहे. ११ महिन्यांनी ठेकेदाराने उद्यापासून येऊ नको म्हटलं तर? पगार गेला, निराधारही गेलेलं, परत उत्पन्नाचा दाखला, परत अर्ज, परत समितीची बैठक कधी होते त्याची वाट. तो म्हणाला "दादा मला काम करायचंय, पण दोन्हीकडून लटकायचं नाहीये." मला उत्तर सुचलं नाही. कोणी या फेऱ्यातून गेलंय का? पैसे काही महिने थांबवून ठेवायची वगैरे सोय असते का?

सिडकोची_सुमन

गणेशदादा अगदी आमच्या गल्लीतली गोष्ट लिहिलीत. वाचतेय.

रोखठोक_नाशिककर

राग मानू नका पण मला हे पटत नाही. सहा हजार तर सहा हजार, जास्तच येतायत ना? माझा लहान भाऊ आयटीआय फिटर, हातपाय धडधाकट, दोन वर्ष झाली सातपूर अंबड सिन्नर सगळीकडे फिरतोय, १२ हजाराच्या वर कोणी बोलत नाही आणि त्याला कोणी महिन्याला २५०० देत पण नाही. त्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणमध्ये ८००० वर लावला होता, मुदत संपली, घरी. सरकार सगळ्यांना पैसे वाटत सुटलंय म्हणून कामाची सवय मोडलीय लोकांची, हे कडू आहे पण खरं आहे.

अनामिक_आई

रोखठोक भाऊ, एक विचारते. तुमचा भाऊ सगळीकडे फिरतोय म्हणालात. माझ्या मुलाला घराबाहेर एकटं पाठवता येत नाही. कोणाला कशाची सवय मोडली ते जाऊ द्या, फिरायची सोय तरी सारखी आहे का सगळ्यांना? सविस्तर नंतर लिहिते, आत्ता त्याची गोळीची वेळ झालीय.

सेतूवाला

मी पंचवटीकडे आपले सरकार केंद्र चालवतो, रोज हेच फॉर्म भरतो म्हणून जरा अधिकाराने लिहितो.

गण्याभाऊ, पैसे "थांबवून ठेवायची" सोय माझ्या बघण्यात नाही. लाभ चालू असतो नाहीतर बंद असतो. दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत पाहिजे, बाकीच्या निराधारांना तर २१,०००. अपंगत्व किमान ४० टक्के, वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास. बंद झालं की परत चालू करायला नवा अर्ज, नवे दाखले. पूर्वी बँकेत यादी जायची, आता डीबीटीने थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. त्यात पण एक गंमत, लोकांनी कुठलं तरी जुनं खातं कधीतरी आधारला जोडलेलं असतं, पैसे त्यात जाऊन पडतात आणि इकडे आजी मला शिव्या देते की माझे पैसे खाल्ले.

आता ५०,००० वर्षाचे म्हणजे महिन्याचे चार हजार एकशे सहासष्ट. घरात चार माणसं असतील तर ह्यात कोण जगतं? पण दाखले निघतात. ४८,००० चे निघतात, ४५,००० चे निघतात. माझ्या काउंटरवर आख्खा तालुका ५० च्या आत राहतो :) सगळ्यांना माहितेय, देणाऱ्याला पण आणि घेणाऱ्याला पण. म्हणजे मर्यादा एवढी खाली ठेवलीय की खरं सांगणारा पहिला बाहेर पडतो. आणि कागदावरची नोकरी लागली, पीएफचा नंबर पडला, आधार जोडलं गेलं, की हे ४८,००० चं नाटक संपतं. तुमचा भाऊ पगाराला घाबरत नाहीये, त्या नोंदीला घाबरतोय.

मिसळ_जास्त_तर्री

सेतूवाले एक नंबर. पूर्ण +१.

थोडं वेगळं पण विषयाला धरून. लाडकी बहीण २०२४ च्या जुलैपासून आली, तिची उत्पन्न मर्यादा किती? अडीच लाख. निराधार दिव्यांगाची? ५० हजार. एकाच सरकारच्या दोन योजना, एकाच तिजोरीतून. धडधाकट बाईच्या घरी महिन्याला २० हजार आले तरी चालतात, पांगळ्या माणसाच्या घरी साडेचार हजार आले की तो श्रीमंत! मी लाडक्या बहिणींच्या विरोधात नाही, माझ्या बायकोला मिळतात (आणि मला त्यातून मिसळही मिळत नाही). पण हे गणित मांडणाऱ्या साहेबाने एकदा समोर येऊन समजवावं भो.

सिडकोची_सुमन

आणि ज्या बाईला निराधारचे १५०० मिळत होते तिला लाडकी बहीण नाहीच, कारण दुसऱ्या योजनेतून तेवढेच मिळतायत. माझी नणंद मूकबधिर आहे, तिला १५०० आणि शेजारणीला पण १५०० असं वर्षभर चाललं होतं. म्हणजे अपंग असण्याचा वरचा खर्च शून्य धरला.

कायद्याचं_बोला

सुमनताईंचा मुद्दा कायद्यातच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २४. सामाजिक सुरक्षेच्या योजनेत दिव्यांग व्यक्तीला मिळणारी रक्कम इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे. १५०० चे २५ टक्के ३७५, म्हणजे १८७५ तरी द्यायला हवे होते, २०१७ च्या एप्रिलपासून कायदा लागू आहे. २०२५ च्या जूनमध्ये बच्चू कडूंनी मोझरीला उपोषण केलं तेव्हा दिव्यांगांना ६००० ची मागणी होती, त्यानंतर सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने हजार वाढवून २५०० केले. केंद्राचा वाटा बघाल तर इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनचे ३०० रुपये, तेही ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखाली असाल तर. ३०० रुपयात आजकाल रिक्षाचं दोन दिवसांचं जाणं येणं होतं.

रोखठोक यांच्यासाठी एक आकडा. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात (७६ वी फेरी) १५ वर्षांवरच्या दिव्यांगांमध्ये काम करणारे किंवा काम शोधणारे मिळून फक्त २३.८ टक्के निघाले. आणि त्यांच्यातला बेरोजगारीचा दर? ४.२ टक्के. वरवर बघितलं तर वाटतं वा, बेरोजगारी किती कमी. पण जो शोधायचं सोडून देतो तो बेरोजगार म्हणून मोजलाच जात नाही. चारातले तीन जण मोजणीच्याच बाहेर. तुमचा भाऊ बेरोजगार तरी आहे, गण्याभाऊंचा भाऊ नोकरी नाकारून घरी बसला तर तो कुठल्याच खात्यात नाही.

रोखठोक_नाशिककर

आकडा माहीत नव्हता, ठीक. पण मग सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे ना? तिथे का नाही जात? आणि खोट्या सर्टिफिकेटवाले किती घुसलेत ते पण बोला. २०२४ ला त्या प्रोबेशनर आयएएस बाईंचं प्रकरण देशभर गाजलं, नंतर झेडप्यांमध्ये पडताळण्या लागल्या.

पांढरी_काठी

मी जन्मापासून पूर्ण अंध, बँकेत क्लार्क आहे, आरक्षणातूनच लागलो. फोनवर स्क्रीन रीडरने वाचतो आणि बोलून टाइप करतो, शुद्धलेखन चुकलं तर फोनला बोला.

चार टक्क्यांचं असं आहे. एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी, एक टक्का कर्णबधिर, एक टक्का चलनवलनाचे (त्यात सेरेब्रल पाल्सी, कुष्ठमुक्त, बुटकेपणा, ॲसिड हल्लापीडित, मस्क्युलर डिस्ट्रॉफी सगळे आले), आणि शेवटचा एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, शिकण्यातली अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांग. जुन्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते आणि ३ टक्के जागा, नव्यात प्रकार झाले २१ आणि जागा ४ टक्के. म्हणजे रांग तिप्पट लांब आणि खिडकी जराशी रुंद. कोणी योग्य उमेदवार मिळाला नाही तर जागा पुढच्या भरतीला न्यायची, तेव्हाही नाही मिळाला तर आपसात एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात द्यायची, त्याच्यानंतरच बाहेरच्याला, असं कलम ३४ म्हणतं. जाहिरातीत बघा किती ठिकाणी हा अनुशेष नीट दाखवलेला असतो.

खोट्या सर्टिफिकेटबद्दल सगळ्यात जास्त चीड आम्हाला आहे, कारण ती जागा आमचीच गेलेली असते. पडताळणी व्हायलाच पाहिजे. फक्त पडताळणीला परत बोलावतात तेव्हा ज्याला डोळेच नाहीत त्याने दर वेळी सिद्ध करायचं की अजून आले नाहीत.

खाजगीची पण सांगतो. नॅबमध्ये (अंधांसाठीची संस्था) सातपूरला कॉम्प्युटर शिकलो, टायपिंग स्पीड चांगला, मुलाखतीला बोलावणं यायचं, गेलो की पहिला प्रश्न "तुम्ही रोज येणार कसे?" कामाबद्दल प्रश्न नाहीच. एका ठिकाणी तर माझ्याशी न बोलता सोबत आलेल्या भावाशी बोलत होते, ह्यांना चहा चालतो का म्हणून. मी म्हटलं चालतो, साखर कमी.

आणि रोखठोक भाऊ, सरकारी वेबसाइटवर अर्ज भरताना ते वाकडीतिकडी अक्षरं ओळखायचं चित्र येतं ना, तिथे अंध माणूस संपतो. दिव्यांगांच्या अर्जाला दुसऱ्याचे डोळे लागतात. नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगम्यता ही मार्गदर्शक सूचना नाही, सक्तीची पाहिजे. अजून तरी मी मुलालाच हाक मारतो, बाळा इकडे ये आणि अक्षरं वाच.

अंबडचा_काका

मालकाच्या बाजूने पण कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहितो. अंबडला माझं छोटं युनिट आहे, प्रेस पार्ट आणि थोडी असेंब्ली, ४० च्या आसपास माणसं. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

आमच्यासारख्यांची माणसं येतात ठेकेदाराकडून. ठेकेदाराला आम्ही सांगतो "धडधाकट पोरं दे, तीन शिफ्टला चालणारी". का, तर मोठ्या कंपनीचा माल दोन तास लेट झाला तर लाइन थांबली म्हणून दंड आमच्या बिलातून कापतात. मग पायाने अधू मुलगा आला की सुपरवायझर आधीच घाबरतो, ह्याला काही झालं तर फॅक्टरी इन्स्पेक्टर, पोलीस, भरपाई, सगळं माझ्या डोक्यावर. वाईट मन असतं म्हणून नाही, डोकेदुखी नको म्हणून पोरगा परत जातो.

पण माझ्याकडे तीन कर्णबधिर मुलं गेली कित्येक वर्षं आहेत, फायनल इन्स्पेक्शनला. पहिल्याला घेतलं तेव्हा भीती सायरनची होती, आग लागली तर ऐकणार कसा. इलेक्ट्रिशियनने सायरनच्या वायरवरच लाल फिरता दिवा लावून दिला, खर्च दोन हजाराच्या आत. त्यांचं रिजेक्शन शॉपमध्ये सगळ्यात कमी आहे. त्यांच्या लग्नाला पण जाऊन आलोय.

दुसरं, सोयी-सवलती असतात पण आम्हाला कोणी येऊन सांगत नाही. माझ्या सीएने सांगितलं तेव्हा कळलं की ईएसआयची पगारमर्यादा बाकीच्यांना २१,००० आहे पण दिव्यांग कामगाराला २५,०००, आणि मालकाचा हिस्सा केंद्र सरकार भरायची योजना आहे. २० किंवा जास्त कामगार असले तर समान संधी धोरण करून प्रसिद्ध करायचं असतं, त्यात दिव्यांगांना कुठली कामं देता येतील त्याची यादी पण टाकायची. आमच्या असोसिएशनच्या मीटिंगमध्ये मी विचारलं कोणी केलंय का, सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जशी मी कुंभाची तारीख बदलायला सांगितली.

गणेश, तुझ्या भावाचं काम डिस्पॅचचं म्हणतोस. एक चौकशी कर, डिस्पॅचचं टेबल गेटजवळ असतं आणि संडास कुठे असतो? पन्नास कंपन्यांमध्ये तो मागे किंवा पहिल्या मजल्यावर असतो. मुलं लाजेने विचारत नाहीत आणि दिवसभर पाणी पीत नाहीत.

गोदाकाठचा_गण्या

काका, खरं सांगू, संडासचा प्रश्न आमच्या कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. भावाला विचारलं तर तो म्हणाला "मी विचारलंय, जिना आहे." घरात कोणाला बोलला नव्हता.

अनामिक_आई

आता बसले निवांत.

माझा मुलगा २२ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता ७५ टक्के. विशेष शाळेत १८ पर्यंत होता, मग कार्यशाळेत. तिथे पणत्या रंगवतो, कागदी पिशव्या करतो, राखीच्या सीझनला राख्या. वर्षाकाठी मानधन मिळतं ते दिवाळीला त्याच्या हातात देतात, त्याला नोटांपेक्षा पाकीट आवडतं. काम मन लावून करतो, एक पिशवी वाकडी झाली तर परत उलगडतो. त्याला "नोकरी" कोण देणार आणि कशी, हा प्रश्न वरच्या सगळ्या प्रतिसादांत बसतच नाही. तो शेवटचा एक टक्का कागदावर त्याचाही आहे, पण परीक्षा तर द्यावी लागते ना.

निराधारमध्ये आम्ही बसत नाही. ह्यांचा पगार ३२ हजार, दाखल्यावर तोच येतो. मुलगा सज्ञान, मतदान करतो, पण त्याची मिळकत म्हणजे बापाची मिळकत. मी स्वतः एका शाळेत शिकवायचे, ते त्याच्यासाठी सोडलं. हे कुठल्याच दाखल्यात येत नाही की एका अपंग माणसामागे घरातली एक नोकरी आधीच गेलेली असते. वर फिजिओ, स्पीच थेरपी, रिक्षा, डायपर. निरामयचा एक लाखाचा आरोग्य विमा आहे नॅशनल ट्रस्टचा, तो काढलाय, ज्यांची मुलं ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांग आहेत त्यांनी नक्की काढा. १८ नंतर कायदेशीर पालकत्व पण घ्यावं लागतं, कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची समिती असते, ते आम्ही केलं. बँकेने खात्यासाठी मागितलं तेव्हा कळलं.

गणेशभाऊ, तुमच्या भावाने हिशोब मांडला तो बरोबर मांडला. त्याला आळशी म्हणू नका.

लीड्सवरून_नाशिककर

मूळचा इंदिरानगरचा, सध्या लीड्सला. इकडे २०२५ ला ह्याच विषयावरून पार्लमेंट पेटलं होतं म्हणून लिहितो, तुलना करायला नाही, रचना कशी आहे ते सांगायला.

इथे दोन वेगळी खाती आहेत. एक पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, ते अपंगत्वामुळे जो वरचा खर्च होतो त्याचं. ते उत्पन्नावर अवलंबून नाही, नोकरी करा नाहीतर करू नका, लखपती असा, मिळतं. दुसरं युनिव्हर्सल क्रेडिट, ते कमी उत्पन्नवाल्यांचं. त्यात अपंग माणसाला ठरावीक रकमेपर्यंत कमाई माफ, त्याच्यावर एक पौंड कमावला की ५५ पेन्स कापतात. म्हणजे ४५ हातात राहतातच. काम वाढवलं तर पैसे वाढतात, हळू वाढतात पण वाढतात. आपल्याकडे ५० हजाराच्या वर एक रुपया गेला की पूर्ण २५०० साफ.

आता इकडचं पण सगळं गोड नाही. तपासणीत पॉइंट देतात, स्वयंपाक करता येतो का, अंघोळ करता येते का, त्यावरून लोक रडकुंडीला येतात. मार्च २०२५ मध्ये लेबर सरकारने पॉइंटचे निकष कडक करायचा प्रस्ताव आणला, एका तरी कामात चार पॉइंट पाहिजेत असा. त्यांच्याच खासदारांनी बंड केलं आणि १ जुलैला मतदानाच्या दिवशीच सरकारला ते मागे घ्यावं लागलं. पण युनिव्हर्सल क्रेडिटमधला आजारपणाचा वाढीव भाग नव्या अर्जदारांना एप्रिल २०२६ पासून जवळपास निम्मा केलाय, आठवड्याला ९७ पौंड होता तो ५० वर. मंत्र्यांचं म्हणणं असं की भत्ता जास्त म्हणून लोक कामावर जात नाहीत. तेच, जे रोखठोक म्हणतायत, फक्त इंग्रजीत.

त्याच प्रस्तावात एक गोष्ट मात्र मला घेण्यासारखी वाटली. नोकरी करून बघितली म्हणून लगेच तुमची फेरतपासणी लावणार नाही, अशी हमी कायद्यात टाकायची. करून बघू द्या, नाही जमलं तर होता तिथे परत या. गणेशला हवंय ते बरोबर हेच आहे ना?

गोदाकाठचा_गण्या

अगदी हेच! त्याला २५०० जन्मभर नकोयत. पगार नीट चालू झाला, कायम झाला, की तो स्वतः सोडेल. मधले काही महिने पाय ठेवायला जागा पाहिजे.

मिसळ_जास्त_तर्री

लीड्सवाले, तिकडे पण रस्ते खोदलेले असतात का? इकडे कुंभाच्या नावाने द्वारकापासून कुठेही जा, खड्डा. माझे दोन्ही पाय शाबूत असून मी काल गटारीच्या कडेवरून कसरत करत गेलो, कुबडीवाल्याचं काय होत असेल.

रोखठोक_नाशिककर

हा लीड्सवाल्यांचा मुद्दा मला पटला, हळूहळू कापा, एकदम नको. पण मग तेच आमच्यासारख्यांना का नाही? माझ्या भावाला प्रशिक्षणाचे ८००० मिळाले ते पण एका तारखेला चालू आणि एका तारखेला बंद. ज्या ऑफिसात लावला तिथे त्याने झेरॉक्स काढल्या, फिटरचा स्पॅनर हातात धरला नाही. अपंगांना द्या, माझं काही म्हणणं नाही, पण बेरोजगार पोरगा पण त्याच दाराशी उभा आहे. दोघांना एकमेकांविरुद्ध लावून देतात आणि १२ हजाराला तिसराच माणूस मिळवतात, ठेकेदार खुश.

अंबडचा_काका

रोखठोक, शेवटचं वाक्य मालक म्हणून मान्य करतो. भावाला खरंच फिटरचं काम येत असेल तर व्यनि (खासगी निरोप) कर. ठेकेदाराकडून नको, थेट ये.

कायद्याचं_बोला

काम सुचवतो. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ ला वेगळा दिव्यांग कल्याण विभाग काढला. ऑगस्ट २०२५ ला तिथे सचिव म्हणून तुकाराम मुंढे यांची नेमणूक झाली, ते २०१८ ला नाशिक मनपात आयुक्त होते, नाशिककर विसरलेले नसणार. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. आपण सह्यांचं एक निवेदन करू. मुद्दे थोडेच ठेवा, दहा मागण्या टाकल्या की एकही वाचत नाहीत. एक, दिव्यांगांची उत्पन्नमर्यादा निदान लाडक्या बहिणीएवढी. दोन, नोकरी लागली तर लाभ लगेच रद्द न करता ठरावीक मुदत चालू ठेवायचा आणि त्या मुदतीत नोकरी गेली तर नवा अर्ज न मागता पूर्ववत. आईंचा मुद्दा तिसरा, सज्ञान दिव्यांग मुलाचं उत्पन्न त्याचं स्वतःचं धरा.

सेतूवाला

मर्यादा वाढवली तर माझा ४८,००० चा धंदा बसेल पण चालेल, सही माझी पहिली घ्या.

एक दुरुस्ती. "लाभ चालू ठेवावा" एवढंच लिहू नका, "यादीतील नाव कायम ठेवून रक्कम तात्पुरती स्थगित किंवा अंशतः द्यावी" असं लिहा. नाव एकदा यादीतून गेलं की खेळ संपला, पैसे मागेपुढे चालतात. आणि प्रत मनपाला पण द्या, स्थानिक संस्थांनी उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, त्यातून कामावर जायच्या रिक्षाभाड्याला मदत मागता येईल. तुमच्या हिशोबात सगळ्यात मोठा खड्डा तोच आहे, ३१२०.

पांढरी_काठी

निवेदनाची पीडीएफ स्कॅन करून टाकू नका, फोटो असतो तो, माझा फोन वाचत नाही. युनिकोडमध्ये टाइप करून टाका. नाहीतर दिव्यांगांच्या निवेदनावर सही करायला मी परत मुलालाच हाक मारणार.

गोदाकाठचा_गण्या

मसुदा रविवारपर्यंत टाकतो, युनिकोडमध्येच. भावाने कंपनीला कळवलंय की संडासची सोय खाली होणार असेल आणि ठेकेदाराऐवजी कंपनीच्या नावावर घेणार असाल तर येतो. अजून उत्तर नाही. काका म्हणजे आमचे काका, अंबडचे नाही, दोन दिवस त्याच्याशी बोलत नाहीयेत.

एकच अडलंय. नोकरी लागल्यावर लाभाची मुदत निवेदनात किती लिहायची, सहा महिने की वर्ष?

सेतूवाला

दोन वर्षं लिहा. कापून कापून सहा महिने तरी हातात येतील.